तुम्ही आत्ता कुठे आहात?

ताई आणि दाजी पहिल्यांदा मुलाकडे अमेरिकेला निघाले, तेव्हा बॅगांचं वजन करून देण्याचं काम माझ्याकडे होतं. छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या सिडकोतल्या घराच्या हॉलमध्ये वजनकाटा, सतरंजीवर मेतकुटाच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या, आणि टेबलावर डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. त्यात टेक्सासहून भाचा. मध्येच तो म्हणाला, ‘आई, एक गोष्ट आत्ताच घोकून घेऊ. समज, मी ऑफिसात आहे, घरी बाबांना काहीतरी झालं आणि तू ९११ लावलास. मी पलीकडचा माणूस. बोल.’

ताई बोलायला लागली. ‘अहो, ह्यांना सकाळपासूनच बरं वाटत नव्हतं. चहासुद्धा नको म्हणाले...’

‘मॅडम, पत्ता सांगा.’

‘सांगते की. आधी काय झालंय ते तर ऐका.’

‘पत्ता, मॅडम.’

‘माझ्या मुलाच्या घरी आहोत आम्ही.’ आणि पलीकडून काहीच उत्तर येईना तेव्हा, ‘ते आपलं किराणा दुकान आहे ना, तू व्हिडिओत दाखवलं होतंस, त्याच्या मागच्या अंगाला.’

ताईनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. तिचं इंग्रजी अडत नाही. ९११ हा आकडाही तिला माहीत होता. तरी त्या दोन मिनिटांत तिच्या तोंडून पत्ता निघाला नाही. नातेवाइकाला फोन करताना आपण जसं सांगतो तसं ती सांगत होती. आधी हकीगत, मग काळजी, आणि जागा सगळ्यांत शेवटी, तीही विचारली तर. त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे की परदेशात मदत बोलावता येणं म्हणजे नंबर माहीत असणं, ही आपली समजूत अर्धवट आहे. नंबर तीन आकड्यांचा असतो, विमानातसुद्धा पाठ होतो. अनोळखी माणसाला, तो आपल्याला ओळखत नाही हे धरून, आपण कुठे आहोत ते सांगता येणं ही खरी विद्या आहे, आणि ती आपल्याला कुणी शिकवलेली नाही.

ही विद्या आपल्याला का आली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर घरातला माणूस पहिला फोन कुणाला करतो? शेजारच्या काकांना, भावाला, गाडी असलेल्या मित्राला, ओळखीच्या कंपाउंडरला. ‘लगेच या’ एवढंच सांगतो. या सगळ्यांना आपलं घर माहीत आहे. कोणत्या बोळातून वळायचं, कोणत्या फाटकाची कडी आतून लागते, जिना किती अरुंद आहे हे त्यांच्या पायांना पाठ आहे. ही माणसं धावून येतात, आणि आजवर त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. ती ओळख हे आपलं फार मोठं धन आहे, त्याला मी कधी कमी लेखणार नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की आयुष्यभर आपल्याला आपला पत्ता तोंडाने सांगायची वेळच आली नाही. तो फॉर्मवर लिहायचा असतो, आधार कार्डावर छापलेला असतो. बोलण्यात तो नसतो.

आपल्या शहराचं तर बोलायलाच नको. छत्रपती संभाजीनगरात कुणालाही वाट विचारा. पैठण गेटच्या अलीकडे, शहागंजच्या घड्याळापासून डावीकडे, आकाशवाणीच्या समोर, बाबाच्या पुढे. ‘बाबा’ म्हणजे बाबा पेट्रोल पंप, हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. सिडकोची गोष्ट खरं तर वेगळी व्हायला हवी होती. तिथे आखणी करतानाच एन-एक, एन-दोन असे भाग पाडले, घरांना क्रमांक दिले. तरीही एन-नऊमधला माणूस रिक्षावाल्याला टीव्ही सेंटरच सांगतो. घराच्या दर्शनी भिंतीवर ‘मातोश्री’ किंवा ‘श्रमसाफल्य’ ठळक अक्षरांत असतं, आणि क्रमांक मीटरच्या पेटीवर, रंगाखाली गेलेला.

आता याच शहरातून १०८ लावून पाहा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. ती मोफत आहे, आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पण गुलमंडीतून लावलेला हा फोन वाजतो पुण्यातल्या नियंत्रण कक्षात. ११२ चंही तसंच. पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत सगळं एका आकड्याखाली आणणारी ही व्यवस्था राज्यात २०२१ पासून आहे, आणि तिचे फोन नवी मुंबईत आणि नागपुरात घेतले जातात. तिथे बसलेल्या मुलीने बाबा पेट्रोल पंप कधी पाहिलेला नसतो. ती विचारते, ‘जिल्हा कोणता? तालुका? जवळची खूण?’ आणि आपण चिडतो. ‘अहो, इथे माणूस मरतोय आणि तुम्ही तालुका काय विचारता!’ ती मुलगी तिचं काम अगदी बरोबर करत असते. म्हणजे ज्याला आपण परदेश म्हणतो, ती अनोळखी माणसाशी बोलण्याची वेळ, फोनच्या बाबतीत गुलमंडीतच सुरू झालेली आहे.

अनोळखी माणसाला जागा सांगण्याची ही वेळ समृद्धी महामार्गावर तर डोळ्यांना दिसते. शहराच्या उत्तरेकडून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्यावर टपरी नाही, मंदिर नाही, गावाची वेस नाही, वडाचं झाड नाही. खूण सांगायची तर कशाची सांगणार? तिथे गाडी बंद पडली की एकच गोष्ट कामाची असते, कडेला लिहिलेला किलोमीटरचा आकडा. कागदोपत्री त्याला ‘चेनेज’ म्हणतात. बातम्यांत आणि बोलण्यात त्याचं झालं आहे ‘चॅनल नंबर’. त्याच्या जोडीला सांगायचं, मुंबई कॉरिडॉर की नागपूर कॉरिडॉर, म्हणजे गाडीचं तोंड कुठे आहे. कारण दुसऱ्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला मधून वळता येत नाही. इथले टेम्पोवाले, ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर हे पटकन शिकले. ‘चॅनल अमुक, मुंबई साइड’ एवढं बोलून ते थांबतात. ताईला जे दोन मिनिटांत जमलं नाही, ते हेच.

आपण मागासलेले आहोत म्हणून हे असं आहे, असं मात्र कुणी समजू नये. लंडनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया त्यात गेल्या. समोरच्या एका गृहस्थाने अग्निशमन दलासाठी फोन उचलला होता, पण एक्स्चेंजमध्ये इतर फोनांच्या रांगेत त्याचा फोन अडकून पडला. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे हा फोन आधी घ्यायचा हे टेलिफोनवालीला कळायचं. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला.

अमेरिकेतली त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ राज्य. तिथल्या खेड्यापाड्यांत रस्त्यांना नावं नव्हती, घरांना क्रमांक नव्हते. लोक आपल्यासारखंच सांगायचे, चर्चच्या पुढे, ओढा ओलांडला की. ९११ आला आणि लक्षात आलं की फोन तर लागतो, पण गाडी पोचत नाही. मग रस्त्यांना नावं द्यायची, घराघराला क्रमांक लावायचे, असं मोठं काम त्यांना हाती घ्यावं लागलं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. आज अमेरिकेतल्या घराचा जो चार-पाच आकडी क्रमांक आपल्याला विनाकारण लांबलचक वाटतो, त्याच्यामागे हेही एक कारण आहे. तिथे पत्त्याची सुरुवातच त्या क्रमांकाने होते. मग रस्त्याचं नाव, मग गाव. आपण नावाने सुरू करतो, ‘अमक्यांचं घर’, आणि हळूहळू जागेकडे येतो. हा क्रमच उलटा आहे, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचाच क्रम बाहेर पडतो.

आता आकड्यांचं एकदा उरकून टाकू. अमेरिका आणि कॅनडात ९११. जवळजवळ सगळ्या युरोपात ११२. ब्रिटनमध्ये ९९९, पण ११२ ही चालतो. ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. जपानमध्ये पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. दुबईत रुग्णवाहिका ९९८, सिंगापुरात ९९५. आपल्या शहरातून बुद्धस्थळांच्या यात्रेला श्रीलंकेला आणि थायलंडला पुष्कळ लोक जातात. श्रीलंकेत रुग्णवाहिका १९९० वर मिळते, आणि ही सेवा २०१६ साली भारताच्या मदतीनेच उभी राहिली. थायलंडमध्ये १६६९, शिवाय पर्यटकांसाठीचे पोलीस ११५५ वर. मक्केत ९११. हे आकडे लावताना पुढे देशाचा कोड लावायचा नसतो, शून्यही नाही. आपलं भारतातलं सिम रोमिंगवर असलं, तरी हा फोन जिथे आपण उभे आहोत तिथल्याच केंद्रात जातो.

मक्केचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्या शहरातून दरवर्षी हजला जाणाऱ्यांकडून मिनाचं वर्णन ऐकावं. नजर पोचेल तिथवर एकसारखे पांढरे तंबू. पहिल्या दिवशी पाण्याला गेलेला माणूस परत आपल्या तंबूत येताना हरवतो. म्हणून जाणत्या हाजींचा नव्यांना पहिला सल्ला असतो तो मकतब, म्हणजे तंबूंच्या गटाचा नंबर, आणि खांबाचा नंबर पाठ करण्याचा. नाव विसरलं तरी चालेल, खांब विसरू नका. हा सल्ला माझ्या मते जगातल्या प्रत्येक प्रवाशाला लागू पडतो.

फोन उचलल्यावर काय होतं, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भीती तिथेच असते. पलीकडचा माणूस सहसा पहिला प्रश्न जागेचा विचारतो. फोन मध्येच तुटला, बोलणारा बेशुद्ध पडला, तरी जागा कळली असेल तर गाडी निघू शकते. बाकी काहीही कळलं आणि जागा कळली नाही, तर काहीच करता येत नाही. मग विचारतो फोन नंबर, मग काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. आपल्याला वाटतं हा प्रश्नांत वेळ घालवतोय. तसं नसतं. तो बोलता बोलता टाइप करत असतो, आणि शेजारी बसलेला दुसरा माणूस ते पडद्यावर वाचून गाडी सोडत असतो. पुढचे प्रश्न गाडी वाटेवर असताना चालतात. श्वास थांबला असेल तर छाती कुठे, कशी, किती जोरात दाबायची हे तो फोनवरून सांगत राहतो. म्हणून त्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. चुकून लागला तरी न बोलता ठेवायचा नाही, ‘चुकून लागला’ एवढं सांगायचं. नाहीतर ते काळजीने उलट फोन करतात, पोलीसही पाठवतात.

भाषेची धास्ती बाळगू नये. अमेरिकेत ‘हिंदी’ एवढा एक शब्द उच्चारला तरी फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय असते. जिथे इंग्रजीही चालत नाही, तिथे जवळच्या कुणाच्याही हातात फोन द्यावा आणि ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणावं. हा शब्द बहुतेक ठिकाणी कळतो. हॉटेलातून बाहेर पडताना तिथल्या लिपीत छापलेलं कार्ड खिशात असावं. रस्त्यात असाल तर बसथांब्याचं नाव, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकेक करून, दोन रस्ते जिथे छेदतात त्यांची नावं, यातलं काहीही सांगितलं तरी चालतं. आजकाल बऱ्याच देशांत फोन आपोआप आपली जागा केंद्राला कळवतो हे खरं आहे. पण आपण कितव्या मजल्यावर आहोत, सोसायटीच्या फाटकाचा कोड काय, दार उघडं आहे का, हे त्या फोनला ठाऊक नसतं. ते आपणच सांगायचं.

एक गोष्ट मात्र ताईला तेव्हा माहीत नव्हती, मलाही नव्हती. आपले आईवडील परदेशात राहतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर. घरचं वायफाय, त्यावर सगळे फोन. व्हॉट्सअ‍ॅपवरून ९११ किंवा ११२ लागत नाही. त्यासाठी फोनचा साधा डायलरच उघडावा लागतो. सिम नसलेल्या फोनवरूनही अमेरिकेत ९११ लागतो, पण जर्मनीत २००९ पासून सिमशिवाय ११२ लागत नाही. म्हणून सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांना मुलाने पहिल्याच दिवशी तिथलं सिम घालून द्यावं. थोड्या पैशांच्या हिशेबात हे टाळू नये. बिलाचीही भीती असते. अमेरिकेत रुग्णवाहिकेचं बिल येतं, आणि ते मोठं असतं. त्या भीतीने मुलगा ऑफिसातून येईपर्यंत दुखणं अंगावर काढणारे आईवडील मी पाहिले आहेत. प्रवासाचा विमा याचसाठी काढायचा असतो, आणि हे त्यांना निघायच्या आधी इथेच समजावून सांगायला हवं.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही पाहावी. वेरूळला, अजिंठ्याला येणारा जपानी माणूस अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला उतरतो, तेव्हा तो परदेशात असतो. त्याच्या डोक्यात ११९ आहे. त्याला ११२ कुणी सांगितला का? पर्यटकांसाठी १३६३ ही हेल्पलाइन २०१६ पासून आहे, आणि ती जपानीसह बारा भाषांत चालते. लेण्यांत कुठे एखाद्याचा पाय घसरला तर त्याला हे ठाऊक असेलच असं नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या गाइडला, दुकानदाराला, आपल्याला ठाऊक असायला हवं. ‘एकशे बाराला सांगा, अजिंठा लेणी, अमुक नंबरच्या लेणीसमोर’ असं स्पष्ट सांगणारा एक माणूस तिथे असणं ही आपली जबाबदारी आहे. अजिंठ्यात लेण्यांनाही क्रमांक आहेत, एकपासून तीसपर्यंत. जागा सांगायला याहून सोपं काय हवं?

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती मधल्या अंतराची. सिडकोत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात आता गल्लोगल्ली अशी घरं आहेत, जिथे सत्तरीची दोघं राहतात आणि मुलं डॅलसला, म्युनिकला, सिडनीला आहेत. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. समजा, त्या कॉलमध्येच वडील खुर्चीतून खाली आले. मुलगा टेक्सासहून ९११ लावेल तर तो टेक्सासात लागेल. १०८ लावेल तर तो भारतात लागणारच नाही. तसंच, जर्मनीत एकटी राहणारी लेक फोनवर बोलता बोलता गप्प झाली आणि आईने इथून ११२ लावला, तर तो महाराष्ट्रातच वाजेल. तीन आकडी नंबर देशाची हद्द ओलांडत नाहीत. अशा वेळी उपयोगी पडतात ते साधे, पूर्ण लांबीचे नंबर. शेजाऱ्याचा, खालच्या दुकानदाराचा, घराजवळच्या दवाखान्याचा, मुलीच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणीचा, तिच्या गावातल्या पोलीस ठाण्याचा. हे नंबर दोन्हीकडच्या फोनमध्ये आजच असावेत. ज्या ओळखीच्या माणसांवर आपण आयुष्यभर विसंबलो, तीच इथे पुन्हा कामाला येतात. फक्त त्यांचा नंबर सात समुद्रांपलीकडे पोचलेला असावा लागतो.

ताईने त्या रात्री एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर टेक्सासचा पत्ता मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिला. घरक्रमांक एकेक आकडा सुटा करून, रस्त्याचं नाव, गाव, फाटकाचा कोड. खाली तीन ओळी: अ‍ॅम्ब्युलन्स हवी. माणसाचं वय. शुद्धीवर आहे की नाही. तो कागद घेऊन ती दाजींसमोर बसली आणि दोघांनी आळीपाळीने तो मोठ्याने म्हटला, पाढे म्हणतात तसा. सहा महिने तो त्यांच्या फ्रिजवर होता. सुदैवाने वापरायची वेळ आली नाही. परत आल्यावर तिने तसाच दुसरा कागद केला, इथल्या घराचा, एन-भागासकट, क्रमांकासकट, आणि तो भाच्याला पाठवला.

हे वाचून झाल्यावर एक करा. तुमचे आईवडील गावी, दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतील तर त्यांना आज फोन लावा आणि म्हणा, ‘मी तुमच्या ओळखीचा नाही, मला तुमच्या घरी पोचायचंय. कुणाचंही नाव न घेता पत्ता सांगा.’ ते अडखळले तर रागावू नका, पुन्हा म्हणून घ्या. आणि त्यांचं झालं की त्यांना तुमचा पत्ता विचारू द्या.